अन्नकचरा, दूषित : ऊर्जानिर्मिती

अन्नकचरा, दूषित : ऊर्जानिर्मिती. रोगजंतू, कुजणे किंवा रोगट प्राण्यांच्या अवशेषांची भेसळ यांमुळे आहारास अयोग्य ठरलेल्या पदार्थांपासून ज्वलनाने वा किण्वनाने (आंबविण्याच्या क्रियेने) ऊर्जा मिळविता येते. ग्रेट ब्रिटनमध्ये या पद्धतीस चालना मिळण्यास पशुरोगांच्या साथी बऱ्याच अंशी कारणीभूत झाल्या.

खरकटे उकळून डुकरांना घालण्याची प्रथा तेथे जुनी होती. दुसऱ्या महायुद्धात लंडनमधील टॉटनम भागात घरोघरचे खरकटे गोळा करून बनविलेले खाद्य ‘टॉटनम पुडिंग’ या नावाने ओळखले जाई. काटकसरीची ही रीत उकळण्याच्या कसोशीवरच अवलंबून होती. २००१ मध्ये उद्भवलेल्या लाळ-खुरकूत रोगाच्या साथीचा माग नॉर्थंबरलंड परगण्यातील एका वराहपालन केंद्रापर्यंत लागला. तेथे न उकळलेले खरकटे घातले जात होते. साथ आटोक्यात आणण्यासाठी ६० लाखांहून अधिक जनावरे मारावी लागली. त्याच वर्षी खरकटे खाऊ घालण्यास बंदी झाली.

त्यापूर्वीच गुरांच्या मेंदूच्या रोगाने (बोव्हाइन स्पाँजिफॉर्म एन्सेफॅलोपथी) निराळा पेच निर्माण केला होता. त्याचे कारण असलेले प्रिऑन हे प्रथिन साध्या उष्णतेने नष्ट होत नाही. त्यामुळे बाधित मांस व हाडे यांच्या चूर्णाचे ज्वलन करणे भाग पडले व काही वीजकेंद्रांत ते इंधन म्हणून वापरण्यात आले.

यूरोपीय संघाच्या २००२ च्या नियमांनी अशा अवशेषांचे धोक्यानुसार तीन वर्ग पाडले. सर्वांत धोकादायक वर्ग जाळून वा अन्य विहित रीतीने नष्ट करावयाचा. सौम्य वर्गातील पदार्थ १२ मिमी. पर्यंत बारीक करून ७०° से. तापमानात एक तास ठेवल्यावर वायुसंयंत्रात घालता येतात. तेथे ऑक्सिजनाच्या अभावी जंतूंच्या क्रियेने मिथेन व कार्बन डाय-ऑक्साइड यांचे मिश्रण तयार होते आणि उरलेला गाळ खत म्हणून शेतात जातो. तापविण्याची अट मुख्यतः या गाळासाठीच आहे. वायूतून नव्हे, तर खतातून रोग परत गोठ्यात येण्याची भीती असते.

महाराष्ट्रात पुण्याच्या ॲप्रोप्रिएट रूरल टेक्नॉलॉजी इन्स्टिट्यूट या संस्थेने आनंद कर्वे यांच्या पुढाकाराने २००३ मध्ये घरगुती संयंत्र तयार केले. त्यात शेणाऐवजी खरकटे, खराब झालेले धान्य व अखाद्य बिया वापरतात. पिष्टमय पदार्थांपासून शेणापेक्षा पुष्कळ लवकर वायू मिळतो, कारण शेण हे जनावराने एकदा पचविलेलेच असते. २००६ मध्ये या कामास ॲशडेन पुरस्कार मिळाला.