लहान चणीच्या स्वाराची ग्रॅव्हल बाइक : मापांचे विवेचन

१. अडचण कुठे आहे

सायकल लहान मापाची घेतली की दांडा आखूड होतो, हँडल अरुंद होते, सीट खाली येते. चाक मात्र तेवढेच राहते. ग्रॅव्हल बाइकवर सर्रास दिसणाऱ्या ७००सी चाकाच्या रिमवर टायर जिथे बसतो तिथला व्यास ६२२ मिमी असतो. ४० मिमीचा टायर चढवला की एकूण व्यास ७०२ मिमीच्या घरात जातो. स्वार १५२ सेंमी उंचीचा असो वा १९० सेंमीचा, हा आकडा बदलत नाही. लहान चणीच्या स्वाराच्या नेहमीच्या तक्रारींचे, म्हणजे हात ताणले जाणे, वळताना बुटाचे टोक चाकाला लागणे, हँडल सीटच्या मानाने उंच वाटणे यांचे मूळ बहुतांशी इथे आहे. लहान सायकल ही मोठ्या सायकलीची आटवलेली प्रत नसते. तिची रचनाच वेगळी करावी लागते, आणि ती वेगळी केली आहे की नाही हे विकत घेणाऱ्याने तपासावे लागते.

विवेचनासाठी एक शरीर गृहीत धरू : उंची १५२ सेंमी; इनसीम, म्हणजे अनवाणी उभे राहिल्यावर जमिनीपासून जांघेपर्यंतचे अंतर, ७० सेंमी. भारतीय स्त्रियांची सरासरी उंची याच्याच आसपास आहे. परदेशी कंपन्यांच्या तक्त्यात ही उंची तळाच्या ओळीत सापडते, काही वेळा सापडतच नाही. आपल्याकडे मात्र ती अपवाद नाही.

२. आधी पाय, मग हात

माप घेण्याचा क्रम महत्त्वाचा आहे. सीटची जागा पायांवरून ठरते, हँडलची जागा सीटवरून. सायकल लांब वाटते म्हणून सीट पुढे सरकवली, तर हातांची सोय होते आणि गुडघ्यांची गैरसोय.

सीटच्या उंचीचा जुना आडाखा सायकल शर्यतपटू ग्रेग लेमाँडच्या नावाने ओळखला जातो : इनसीम गुणिले ०.८८३. आपल्या स्वाराला हे उत्तर ६१.८ सेंमी येते. पायडल ज्या आसाभोवती फिरतात त्या बॉटम ब्रॅकेटच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंतचे हे अंतर सुरुवातीला पुरेसे आहे. पुढे बूट, पायडल आणि घोट्याची सवय पाहून त्यात थोडा फरक करावा लागतो.

दुसरे माप क्रँकचे, म्हणजे पायडलच्या दांडीचे. बहुतेक सायकलींवर १७० किंवा १७२.५ मिमीचे क्रँक येतात आणि लहान फ्रेमवरही अनेकदा तेच बसवलेले असतात. मार्टिन आणि स्पिरडुसो या संशोधकांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १२० ते २२० मिमी लांबीचे पाच क्रँक वापरून स्वारांची कमाल ताकद मोजली होती. टोकाच्या लांब्यांमध्येही फरक ४ टक्क्यांच्या आसपासच निघाला, आणि १४५ व १७० मिमीच्या क्रँकवर ताकद सर्वाधिक मिळाली. सर्वांत अनुकूल लांबी पायाच्या लांबीच्या सुमारे २० टक्के येते, असे त्यांचे गणित होते. खुब्याच्या हाडापासून मोजलेला पाय ७८ सेंमी असेल, तर ती १५६ मिमी होते. हा अभ्यास थोड्या सेकंदांच्या जोराचा होता, दिवसभराच्या फेरीचा नव्हता. त्यामुळे आखूड क्रँकने वेग वाढतो असे त्यातून सिद्ध होत नाही. लांब क्रँक सोडल्याने फारसे काही गमावत नाही, एवढे नक्की होते.

कमावतो ते मात्र पुष्कळ. क्रँक १० मिमीने आखूड केला की पाय खाली पूर्वीइतकाच ताणला जावा म्हणून सीट १० मिमी वर घ्यावी लागते. वरच्या टोकाला पायडल १० मिमी खाली राहते आणि सीट १० मिमी वर गेलेली असते. म्हणजे गुडघ्याला आणि कंबरेला २० मिमी मोकळीक मिळते. चढावर तरफ थोडी कमी पडते, पण ती उणीव मागच्या मोठ्या चकतीने भरून निघते. एसरॅमच्या रायव्हल एएक्सएस मालिकेत १६० मिमीचा क्रँक मिळतो, शिमानोच्या बारा-गिअर जीआरएक्समध्ये १६५ चा. सायकल घेतानाच तो बदलून मागावा. नंतर बदलायचा तर खर्च पदरचा.

३. स्टॅक आणि रीच

फ्रेमवरचे एक्सएस, ४६ किंवा ४९ हे आकडे एका कंपनीपुरतेच खरे असतात. दोन कंपन्यांच्या सायकलींची तुलना करायची तर दोन मापे हवीत. बॉटम ब्रॅकेटच्या मध्यापासून हेड ट्यूबच्या, म्हणजे फ्रेमच्या पुढच्या नळीच्या, माथ्यापर्यंत उभे अंतर म्हणजे स्टॅक, आडवे अंतर म्हणजे रीच.

तक्त्यातली वरच्या दांड्याची लांबी फसवी असते. लहान फ्रेममध्ये सीट ट्यूब अधिक उभी ठेवतात, त्यामुळे दांडा कागदावर आखूड दिसतो. पण गुडघ्याची जागा कायम ठेवायला सीट मागे घ्यावीच लागते. सीटची उंची ६० सेंमीच्या आसपास असेल तर कोनातला एक अंश जवळपास १० मिमी खातो. रीचमध्ये ही गफलत होत नाही.

रीचची तुलना मात्र समान स्टॅकवर करावी. हेड ट्यूब मागे कललेली असल्यामुळे हँडल २० मिमी वर घेतले की ते सुमारे ७ मिमी मागे येते. म्हणून स्टॅक ५०० आणि रीच ३७५ असलेली फ्रेम ही स्टॅक ५२० आणि रीच ३६८ असलेल्या फ्रेमच्या बरोबरीची धरावी.

आपल्या स्वाराची सीट बॉटम ब्रॅकेटच्या वर उभ्या रेषेत ५९ सेंमीवर येते. स्टॅक ५२० असेल तर उंची वाढवणारा एकही स्पेसर न ठेवता हँडल सीटपेक्षा तीन-चार सेंमी खाली राहते, आणि ते सोयीचे आहे. स्टॅक ५६० झाला की हँडल सीटच्या पातळीला येते, पुढच्या चाकावरचे वजन घटते आणि खडीच्या चढावर चाक भरकटते. मोठे चाक, त्यावर टायरला जागा देणारा उंच चिमटा (फोर्क) आणि त्यावर हेड ट्यूब अशी ही उतरंड असल्याने स्टॅक एका मर्यादेखाली आणताच येत नाही. त्यात ३०-४० मिमीचा सस्पेन्शन चिमटा घातला की उरलेली जागाही संपते. लहान फ्रेमवर तो मोह टाळावा.

४. बुटाचे टोक आणि पुढचे चाक

बॉटम ब्रॅकेटपासून पुढच्या ॲक्सलपर्यंतच्या अंतराला फ्रंट-सेंटर म्हणतात. लहान सायकलीची सगळ्यांत कठीण गाठ इथे आहे. हँडल जवळ आणावे तर चाकही जवळ येते, आणि चाक पायाला लागते.

गणित सोपे आहे. टायरची त्रिज्या, क्रँकची लांबी आणि पायडलच्या ॲक्सलपुढे आलेले बुटाचे टोक यांची बेरीज फ्रंट-सेंटरपेक्षा जास्त झाली, तर हँडल वळवताना बूट चाकाला लागू शकतो. रीच ३७०, स्टॅक ५२०, हेड ट्यूबचा कोन ७० अंश, चिमट्याचा ऑफसेट (ॲक्सल पुढे काढलेले अंतर) ५० आणि बॉटम ब्रॅकेट ॲक्सलच्या रेषेखाली ७५ मिमी अशा फ्रेमचा फ्रंट-सेंटर ५९० मिमी येतो. ७००×४० टायरची त्रिज्या ३५१, क्रँक १७०, बुटाचे टोक ९० : बेरीज ६११. म्हणजे २१ मिमी आच्छादन. त्याच फ्रेमवर ६५०बी हे लहान चाक आणि ४७ मिमीचा टायर घेतला की त्रिज्या ३३९ होते. १६० चा क्रँक घेतला की बेरीज ५८९ वर येते आणि बूट जेमतेम सुटतो. कोणतीही एक सुधारणा एकटी पुरत नाही, दोन्ही मिळून पुरतात.

वेगात असताना हँडल इतके वळतच नाही, त्यामुळे डांबरी रस्त्यावर हे आच्छादन खपून जाते. पण पाणंदीत, निसरड्या मुरमाच्या वळणावर किंवा तीव्र चढावर सायकल चालण्याच्या वेगाने जाते, तेव्हा चाक मोठ्या कोनात वळवावे लागते. ग्रॅव्हल बाइक घेतली जाते ती याच रस्त्यांसाठी.

यावर कंपन्यांनी काढलेला दुसरा मार्ग म्हणजे हेड ट्यूब अधिक कलती करून चाक पुढे नेणे आणि हँडल धरणारा स्टेम आखूड करणे. २०१९ मध्ये आलेल्या इव्हिल शमवा हागरने तर हा कोन ६६.७ अंशांवर आणला. उतारावर अशी सायकल स्थिर राहते. पण संथ चढावर तिचे पुढचे चाक आपल्या वजनाने बाजूला झुकते आणि हलक्या स्वाराला ते सतत सावरावे लागते. साधारण ७० ते ७१ अंशांचा कोन मध्यम मार्ग ठरतो.

५. चाक लहान करावे का

करावे, पण फ्रेम त्यासाठीच आखलेली असेल तर. ही कल्पना नवी नाही. अमेरिकेतील अभियंता जॉर्जिना टेरी यांनी १९८५ मध्ये आपली कंपनी काढली, तेव्हा त्यांच्या लहान सायकलींना मागे ७००सी आणि पुढे २४ इंची चाक होते. सर्लीच्या लाँग हॉल ट्रकर या भटकंतीच्या सायकलीच्या लहान मापांना २६ इंची चाके असत. आजच्या ग्रॅव्हल बाइकसाठी ६५०बी, म्हणजे ५८४ मिमीची रिम, हा व्यवहार्य पर्याय आहे; तिच्यासाठी रुंद टायर मिळतात.

७००सीच्या फ्रेममध्ये ६५०बी चाक नुसते अडकवले तर तीन गोष्टी बदलतात. सायकल १२ मिमी खाली बसते आणि वळणावर पायडल दगडाला लागते. भाग ४ मधल्या फ्रेमचा ट्रेल (हँडलच्या आसाची रेषा जमिनीला मिळते तिथपासून टायर टेकतो तिथपर्यंतचे अंतर) सुमारे ७४ वरून ७० मिमीवर येतो आणि हँडल थोडे चपळ होते. प्रत्येक गिअर सुमारे साडेतीन टक्के हलका होतो, ते तर चांगलेच. पहिला तोटा १६० च्या क्रँकने बराचसा भरून निघतो. तरीही बॉटम ब्रॅकेट मुळातच उंच ठेवून ६५०बीसाठी काढलेली फ्रेम केव्हाही श्रेष्ठ.

६. हाताखालच्या वस्तू

हातापर्यंतचे अंतर रीच, स्टेम आणि हँडलचा पुढचा बाक यांच्या बेरजेने ठरते. बाक ८० ऐवजी ७० मिमीचा घेतला की एक सेंटिमीटर सुटतो. स्टेम ७० मिमीच्या आसपास असावा. फ्रेमवर आधीच ५० मिमीचा स्टेम असेल तर आणखी आखूड करायला वाव उरलेला नसतो, हे दुकानातच ओळखावे. हँडलची रुंदी खांद्यांप्रमाणे ३८ सेंमी किंवा त्याहून कमी असावी. ब्रेकची मूठ जवळ आणण्याचा स्क्रू असतो. तो फिरवून खालच्या वळशातून दोन बोटांनी ब्रेक दाबता येतो का, हे चालवूनच पाहावे. उतारावर जीव त्यावर असतो.

दांड्यावरून उभे राहण्याची जागा ४-५ सेंमी असावी, कारण खडबडीत जागी पाय सपाट जमिनीवर पडेलच असे नाही. पण उतरता दांडा ही जागा सहज देतो आणि लांब रीच तशीच राहते. केवळ दांड्यावर उभे राहून माप ठरवणारा म्हणूनच फसतो. प्रवासाला जाणाऱ्याने सीट आणि मागचा टायर यांतली मोकळी जागाही मोजावी. लहान सायकलीवर सीटखालची मोठी पिशवी टायरला घासते.

७. बाईची सायकल, पुरुषाची सायकल

स्पेशलाइज्डने २०१९ मध्ये स्त्रियांसाठी वेगळ्या फ्रेम काढणे थांबवले. जायंटच्या लिव्ह या ब्रँडने तो मार्ग सोडलेला नाही आणि तिची डिव्होट ही ग्रॅव्हल बाइक आहे. या वादात स्वाराने पडण्याचे कारण नाही. १५२ सेंमीचा पुरुष आणि १५२ सेंमीची स्त्री यांची चाकाशी होणारी झटापट एकच आहे. सीट, हँडल आणि मूठ व्यक्तीप्रमाणे निवडावी, फ्रेम आकड्यांवरून.

८. निवडीचा क्रम

आधी इनसीमवरून सीट आणि क्रँक ठरवा. मग जुळणारी रीच समान स्टॅकवर शोधा. त्यानंतर त्रिज्या, क्रँक आणि बूट यांची बेरीज फ्रंट-सेंटरशी ताडून पाहा. ती जमत नसेल तर ६५०बीच्या फ्रेमकडे वळा. स्टेम, हँडल आणि ब्रेक सर्वांत शेवटी. फ्रेमचे आकडे बहुधा कंपनीच्या तक्त्यात छापलेले असतात आणि गणित करायला एक कागद पुरतो.

दुकानात मोठ्या मापाची सायकल सवलतीत असेल आणि ‘सीट खाली करून देतो’ असे कोणी म्हणाले, तर नम्रपणे नकार द्या. सीट खाली येते. रीच, फ्रंट-सेंटर आणि चाक आहे तिथेच राहतात. बेरीज जमेपर्यंत थांबा, आणि तयार फ्रेममध्ये ती जमतच नसेल तर मापाने फ्रेम बनवून घ्या.