माथ्यावरचा गुलाब

घराचे वायरिंग करणारा कारागीर सामानाची यादी देतो, तेव्हा तीत ‘सीलिंग रोज’ हा शब्द हमखास असतो. छताला बसवायची ही लहानशी गोल टोपी. तिच्यातून वायर खाली उतरते आणि तिला दिवा लोंबतो. या वस्तूत गुलाबासारखे काहीही नाही. तरीही नावात गुलाब राहिला, कारण त्या जागी कधीकाळी खरोखरच गुलाब असे. गिलाव्याचा, पाकळ्यापाकळ्यांचा, आणि त्याच्या मधोमध झुंबर टांगलेले असे. गुलाबाखाली बोललेले बाहेर जाऊ द्यायचे नाही, असा एक जुना युरोपीय संकेतही आहे. ‘सब रोझा’ म्हणजे ‘गुलाबाखाली’ हा लॅटिन शब्दप्रयोग त्यावरूनच. काही जुन्या चर्चमध्ये पापनिवेदनाच्या कक्षावर गुलाब कोरलेला आढळतो, तोही याच अर्थाने.

आज आपल्या धर्मग्रामांतील नव्या घरांतून ‘पीओपी’च्या छताची हौस वाढली आहे. पीओपी म्हणजे प्लॅस्टर ऑफ पॅरिस. पॅरिसमधील मोंमार्त्र टेकडीच्या पोटातून जिप्सम निघत असे. ते सुमारे दीडशे अंश सेल्सिअसपर्यंत तापवले की त्यातील बरेचसे पाणी उडून जाते. उरलेल्या भुकटीत पाणी कालवले की ती पुन्हा घट्ट होते, आणि घट्ट होताना किंचित फुगते. या फुगण्यामुळेच साच्यातील बारीकसारीक कोपराही भरून निघतो. दिवाणखान्याच्या छतावर कोणती नक्षी घ्यावी, यावर घरोघर खल चालतो. हा खल फार जुना आहे, आणि त्याचा सर्वांत रंजक अध्याय आमच्या मते आयर्लंडच्या राजधानीत, डब्लिनमध्ये घडला.

अठराव्या शतकातील आयर्लंड बहुसंख्येने कॅथॉलिक होता. सत्ता मात्र प्रॉटेस्टंट जमीनदारांच्या हाती होती. कॅथॉलिकांना जमीन विकत घेता येत नसे, संसदेत बसता येत नसे, शाळा चालवता येत नसे. अशा काळात जमीनदारांनी डब्लिनमध्ये टोलेजंग घरे उभारली. बाहेरून ती साधीच, विटांच्या सपाट भिंतींची. सारे वैभव आत, आणि तेही बहुतांशी डोक्यावर!

सेंट स्टीव्हन्स ग्रीन या चौकातील 85 क्रमांकाचे घर 1738 साली रिचर्ड कॅसल या वास्तुविशारदाने बांधले. त्याच्या गिलावकामासाठी पाओलो आणि फिलिप्पो लाफ्रांकिनी हे बंधू आले. ते स्वित्झर्लंडच्या इटालियन भाषिक तिचिनो प्रांतातले. त्या डोंगराळ मुलुखातून कित्येक पिढ्या गिलावकाम करणारे कारागीर युरोपभर पांगले होते. ज्या देशात कॅथॉलिकांना कायद्याने दुय्यम ठरवले होते, तिथल्या धनिकांच्या माथ्यावरील शोभा कॅथॉलिक मुलुखातून आलेल्या हातांनी घडवावी, हा इतिहासाचा विनोद आम्हांला फार मार्मिक वाटतो. तळमजल्यावर त्यांनी अपोलो आणि नऊ कलादेवता साकारल्या. वरच्या दिवाणखान्याच्या छतावर ग्रीक-रोमन देवदेवतांचा मेळा भरवला.

हे काम साच्यातले नव्हे. छताच्या वाशांना लाकडी पट्ट्या ठोकायच्या, त्यांवर चुन्याच्या गिलाव्याचे थर द्यायचे, आणि अखेरचा थर ओला आहे तोवर मान वर करून आकृती हाताने घडवायची. थर सुकला की चूक कायमची झाली. पुढच्या पिढीत रॉबर्ट वेस्ट या डब्लिनच्याच कारागिराने लोअर डॉमिनिक स्ट्रीटवरील 20 क्रमांकाच्या घरात पक्षी घडवले. ते भिंतीला चिकटलेले वाटतच नाहीत. चोच पुढे काढून जिन्यावरून जाणाऱ्याकडे पाहत बसलेले दिसतात. अठराव्या शतकाच्या अखेरीस मायकल स्टेपलटन आला. त्याची नक्षी उथळ, नाजूक, भूमितीच्या रेषांत बांधलेली. तीत साच्यातून काढलेल्या तुकड्यांचा भाग मोठा होता. 1786 साली पूर्ण झालेल्या बेल्व्हेडिअर भवनात त्याने एकेक दालन व्हीनस, डायना, अपोलो यांना वाहिले.

साचा आला, तसे काम स्वस्त झाले. 1856 मध्ये देसाशी नावाच्या फ्रेंच माणसाने लंडनमध्ये एक पेटंट घेतले. जाळीदार कापड आणि लाकडी पट्ट्या आत घालून प्लॅस्टर ओतायचे; अशी हलकी, मोठी नक्षी कारखान्यात करून घरी नेऊन बसवता येऊ लागली. मग मध्यमवर्गीय कुटुंबेही सूचिपत्रातून गुलाब निवडू लागली. पाहुण्यांच्या खोलीला सर्वांत थोरला, निजण्याच्या खोलीला धाकटा, नोकराच्या खोलीला काहीच नाही. गॅसच्या दिव्यांची काजळी छत काळे करी, म्हणून काही गुलाबांच्या पाकळ्यांमागे वाफ बाहेर जाण्यासाठी छिद्रेही ठेवत. वीज आली आणि गुलाब आकसत आकसत आजच्या टोपीएवढा झाला.

तिकडे डब्लिनमधली ती घरे मात्र हात बदलत होती. बेल्व्हेडिअर भवन 1841 मध्ये येशूसंघीयांनी घेतले आणि तिथे मुलांची शाळा भरू लागली. स्टीव्हन्स ग्रीनवरील 86 क्रमांकाचे घर 1765 मध्ये रिचर्ड चॅपेल व्हेली याने बांधले होते. हा गृहस्थ इतका कट्टर कॅथॉलिकद्वेष्टा, की ‘चॅपेल जाळणारा’ हे त्याचे टोपणनाव पडले होते. त्याच घरात 1854 साली कॅथॉलिक विद्यापीठ उघडले, आणि त्याचे पहिले कुलप्रमुख होते जॉन हेन्री न्यूमन, 2019 मध्ये संत म्हणून घोषित झालेले. शेजारचे 85 क्रमांकाचे घरही पुढे त्याच संस्थेकडे आले. येशूसंघीय कवी जेरार्ड मॅन्ली हॉपकिन्स यांनी 1889 मध्ये याच वास्तूत देह ठेवला.

घराबरोबर छतही वारशाने येते! विद्यार्थी खाली आणि विवस्त्र देवता वर, हे धर्मगुरूंना कसे मानवणार? बेल्व्हेडिअरमध्ये व्हीनसच्या दालनातून व्हीनसच काढून टाकली गेली. त्या थोर मंडळींची अडचण आम्ही समजू शकतो. पंधरा वर्षांच्या मुलांना लॅटिन शिकवताना त्यांच्या नजरा कुठे जातील, याची काळजी त्यांना वाहायची होती. पण जे काढले ते गेले. स्टीव्हन्स ग्रीनवर निराळा मार्ग निघाला. लाफ्रांकिनी बंधूंच्या देवतांवर गिलाव्याचीच वस्त्रे चढवण्यात आली. ती इतकी ओबडधोबड, की अंगावर केसाळ कातडे पांघरल्याचा भास व्हावा. वस्त्र काढता येते, म्हणून हा मार्ग आम्हांला अधिक शहाणपणाचा वाटतो. रोममध्ये सिस्टाईन चॅपेलमधील मायकेलअँजेलोच्या ‘अंतिम न्याया’वर 1565 मध्ये दानिएले दा व्होल्तेर्रा याने अशीच वस्त्रे रंगवली होती; 1994 मध्ये संपलेल्या शुद्धीकामात ती मुद्दाम ठेवली गेली.

डब्लिनमध्येही विसाव्या शतकाच्या अखेरीस घराचा जीर्णोद्धार झाला, तेव्हा देवतांची वस्त्रे उतरवण्यात आली. एका जुनोच्या अंगावरचे मात्र तसेच ठेवले. 2019 पासून ही वास्तू आयरिश साहित्याचे संग्रहालय आहे, आणि जुनो त्या कातड्यासह दिवाणखान्याच्या छतावर आहे.