वास्तुजतन आणि विद्यावृत्ती : माजिवडा परिसराच्या निमित्ताने

घोडबंदरचा रस्ता आणि नाशिककडे जाणारा महामार्ग जेथे मिळतात, ते माजिवडा आज ठाण्याचे एक गजबजलेले नाके म्हणून परिचित आहे. त्याला लागूनच असलेल्या कापूरबावडीच्या नावात एका विहिरीची स्मृती टिकून आहे. अशा स्थलनामांमागील वास्तू शोधून त्यांची बांधणी व इतिहास नोंदविण्याचे काम कोणी करावयाचे, हा प्रश्न येथे उपस्थित होतो.

या प्रश्नाचा एक पूर्वेतिहास ठाणे जिल्ह्यातच आहे. अंबरनाथचे शिवालय शिलाहारकालीन असून तेथील शिलालेख शके ९८२ (इ. स. १०६०) मधील आहे. १८६८ साली मुंबईच्या सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेच्या विद्यार्थ्यांकडून, टेरी यांच्या देखरेखीखाली, या मंदिराची रेखाचित्रे व साचे करविण्यात आले. पुढे १८७२ पासून याच शाळेच्या विद्यार्थ्यांनी जॉन ग्रिफिथ्स यांच्या मार्गदर्शनाखाली अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला केल्या. त्यांपैकी बऱ्याच नकला १८८५ मध्ये लंडन येथील आगीत नष्ट झाल्या. तथापि, पेस्तनजी बोमनजींसारखे चित्रकार या कामातूनच घडले.

या दोन्ही प्रसंगी विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष वास्तूसमोर बसून शिक्षण मिळाले, हे खरे. परंतु विषय सरकारने ठरविलेला आणि मुदत कामापुरती होती. काम संपले की विद्यार्थ्याचा त्या वास्तूशी संबंधही संपे. विद्यावृत्तीचे वेगळेपण येथेच आहे. तीत प्रश्न अभ्यासकाचा असतो आणि वेतन त्या प्रश्नाच्या पाठपुराव्यासाठी असते.

१९८१ मध्ये स्थापन झालेला चार्ल्स वॉलेस न्यास वास्तुजतनाच्या भारतीय अभ्यासकांना ब्रिटनमधील शिक्षणासाठी साहाय्य करतो. १९८४ मध्ये स्थापन झालेली ‘इंटॅक’ ही संस्थाही संशोधनास वृत्ती देते. या सोयी मोलाच्या होत. पण १९५८ चा केंद्रीय व १९६० चा महाराष्ट्राचा अधिनियम यांचे संरक्षण घोषित स्मारकांनाच मिळते, आणि घोषणेपूर्वी वास्तूचे महत्त्व सिद्ध व्हावे लागते. ज्या विहिरीचे मोजमाप कोणी घेतलेच नाही, तिच्या बाजूने कायद्यापुढे पुरावा कोणता ठेवणार?

म्हणून विद्यापीठाने एखादी तरी विद्यावृत्ती अशा अघोषित, ग्रामीण व आता नागरी वस्तीत सापडलेल्या वास्तूंसाठी राखून ठेवावी. तिची मुदत किमान दोन पावसाळ्यांची असावी; कारण पाझर, तडे आणि झाडांची मुळे एका भेटीत कळत नाहीत. नोंदींची एक प्रत त्याच गावी राहावी. अंबरनाथच्या दगडांची नोंद घ्यावयास सरकारी आज्ञा लागली. माजिवड्यासाठी अभ्यासकाची जिज्ञासा आणि तिला मिळालेला आधार पुरेसा व्हावा.