ठिपके आणि मुंग्या: सियालदहच्या उत्तरेकडील एका रस्त्याचा इतिहास

कोलकात्यातील सियालदह स्थानकाकडून उत्तरेला राजाबाजारच्या दिशेने जाणाऱ्या रस्त्याला आज आचार्य प्रफुल्लचंद्र रोड म्हणतात. त्याचे जुने नाव अपर सर्क्युलर रोड. नागपूरकर भोसल्यांच्या फौजेच्या धास्तीने 1742 मध्ये या शहराभोवती जो 'मराठा खंदक' खणायला घेतला गेला, तो अर्धवटच राहिला आणि 1799 मध्ये त्याचा बराचसा भाग बुजवून सर्क्युलर रोड बांधण्यात आला. मराठी फौजेतील 'बारगीर' बंगाली अंगाईगीतांत 'बर्गी' होऊन उरला, तसा खंदकही रस्त्याच्या रूपाने उरला. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात याच रस्त्यावर आणि त्याच्या आसपासच्या गल्ल्यांत नजरेतून सुटणाऱ्या बारीक गोष्टी शोधून त्यांची प्रतिमा टिपण्याचे निरनिराळे मार्ग घडले, आणि त्यांचा इतिहास परस्परांत गुंतलेला आहे.

त्यातला पहिला मार्ग छपाईचा होता. उपेंद्रकिशोर रायचौधुरी (1863–1915) यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कोलकात्यात हाफटोन ब्लॉक तयार करण्याचा व्यवसाय सुरू केला आणि पुढे रस्त्याच्या पूर्वेस 100, गडपार रोड येथे 'यू. राय अँड सन्स' या संस्थेची स्वतःची इमारत उभी राहिली. हाफटोन म्हणजे छायाचित्र जाळीदार काचेतून पुन्हा टिपून त्याचे लहानमोठ्या ठिपक्यांत रूपांतर करण्याची पद्धत होय. मोठे ठिपके गडद भाग दाखवतात, लहान ठिपके उजळ भाग, आणि वाचकाच्या डोळ्याला त्या ठिपक्यांतून सलग चित्राचा भास होतो. उपेंद्रकिशोरांनी जाळी, छिद्र आणि ठिपका यांच्या परस्परसंबंधाचा गणिती विचार करून लंडनच्या 'पेनरोझ' वार्षिकात लेख लिहिले, तर त्यांच्या ब्लॉकांमुळे 'प्रवासी' आणि 'मॉडर्न रिव्ह्यू' या मासिकांतील चित्रांचा दर्जा उंचावला. निसर्गातील सूक्ष्म रूपे प्रयोगशाळेबाहेरच्या सामान्य वाचकापर्यंत चित्ररूपाने पोहोचण्यासाठी ही तयारी आवश्यक होती.

जगदीशचंद्र बोस यांनी 30 नोव्हेंबर 1917 रोजी याच रस्त्यावर 'बसू विज्ञान मंदिर' स्थापन केले. वनस्पतीची वाढ इतकी संथ असते की क्षणाक्षणाला होणारा तिचा फरक साध्या डोळ्याला कळत नाही; तो दिसावा म्हणून त्यांनी क्रेस्कोग्राफ हे यंत्र तयार केले, ज्यातील तरफांची जोडी ही हालचाल सुमारे 10,000 पट वाढवून काजळी धरलेल्या काचेवर ठिपक्यांच्या रांगेने नोंदवीत असे. हे रूढ अर्थाने छायाचित्रण नव्हते, परंतु संशोधकाच्या शब्दावर विसंबून न राहता निसर्गाला स्वतःची खूण उमटवायला लावायची, हा त्यामागचा आग्रह छायाचित्रणाशी नाते सांगणारा होता.

त्या आग्रहाचा सर्वांत साधा आणि सर्वांत दीर्घकाळ चाललेला आविष्कार गोपालचंद्र भट्टाचार्य (1895–1981) यांच्या कामात आढळतो. फरिदपूर जिल्ह्यातील लोनसिंग गावी एका गरीब पुरोहिताच्या घरी जन्मलेल्या गोपालचंद्रांचे महाविद्यालयीन शिक्षण अर्धवट राहिले. गावच्या शाळेत शिकवल्यानंतर त्यांनी कोलकात्यात टेलिफोन ऑपरेटरची नोकरी धरली. कुजणाऱ्या पालापाचोळ्यातून रात्री दिसणाऱ्या प्रकाशाविषयी त्यांनी 'प्रवासी'त लिहिलेला लेख बोस यांच्या वाचनात आला आणि 1921 मध्ये ते विज्ञान मंदिरात रुजू झाले. तेथे छायाचित्रणात तरबेज होऊन त्यांनी मुंग्या, कोळी, लहान वटवाघळे, बेडकांची पिल्ले अशा, शहराच्या वेशीवर आणि घराच्या भिंतीवर सहज भेटणाऱ्या, जिवांची छायाचित्रे टिपली.

त्या काळी हे काम किती कष्टाचे होते, हे समजण्यासाठी कॅमेऱ्याची रचना लक्षात घ्यावी लागते. किडा जेवढा आहे तेवढाच काचेवर उमटवायचा, तर कॅमेऱ्याचा भाता भिंगाच्या नाभीय अंतराच्या दुप्पट ताणावा लागतो, त्यामुळे काचेवर पोहोचणारा प्रकाश चौथा हिस्सा उरतो आणि प्रतिमा टिपण्याचा वेळ चौपट होतो. शिवाय स्पष्ट दिसणाऱ्या भागाची खोली जेमतेम काही मिलिमीटर भरते, म्हणून मुंगीचे डोके रेखीव आले तर पाय अंधूक होतात. मंद गतीच्या काचपट्ट्यांवर सतत धावणारा जीव टिपायचा, तर तो केव्हा थांबतो, कशासाठी थांबतो आणि परत कोठे येतो हे आधी माहीत असावे लागते. या कामात छायाचित्रकाराला आधी निरीक्षक व्हावे लागे, ते यामुळेच.

बंगालीत 'नालसो' आणि कोकणात ओंबील म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, झाडावर पाने शिवून घरटे करणाऱ्या लाल मुंग्यांवरील गोपालचंद्रांचे काम याची साक्ष देते. पानांच्या घरट्यात आत काय चालते ते बाहेरून दिसत नाही, म्हणून त्यांनी सेलोफेनच्या पारदर्शक घरट्यांत मुंग्यांच्या वसाहती नांदवल्या, आणि अळीला मिळणाऱ्या आहारावर तिची राणी होणार की कामकरी हे अवलंबून असते, असा निष्कर्ष 1943 मध्ये संस्थेच्या 'ट्रॅन्झॅक्शन्स'मध्ये मांडला. मुंगीचे रूप घेऊन वावरणारे कोळी आणि पाण्यातील छोटे मासे पकडणारे कोळी हेही त्यांच्या अभ्यासाचे विषय होते. कोळ्यांच्या सवयींवरील त्यांचे लेख 1936 आणि 1941 मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या नियतकालिकात छापून आले. 1941 चा लेख तर घराघरांत भिंतीवर दिसणाऱ्या मोठ्या कोळ्याच्या आहाराविषयी होता.

याच संस्थेत त्याच सुमारास छायाचित्रणाची काच कीटकांहून कितीतरी सूक्ष्म वस्तूंसाठी वापरली जात होती. देवेंद्रमोहन बोस आणि बिभा चौधुरी (1913–1991) यांनी दार्जिलिंग आणि संदकफू येथील उंचीवर छायाचित्रणाच्या काचपट्ट्या दीर्घकाळ ठेवून वैश्विक किरणांतील कणांनी त्यांच्या रसायनलेपात उमटवलेल्या रेषा सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्या. त्या कणांचे वस्तुमान इलेक्ट्रॉनच्या सुमारे दोनशे पट असल्याचा अंदाज त्यांनी 'नेचर'मध्ये प्रसिद्ध केला. या पट्ट्या इलफर्ड कंपनीच्या हाफटोन पट्ट्या होत्या, म्हणजे ज्या छपाईतंत्राने गडपारच्या गल्लीत जम बसवला होता त्याच जातीच्या. युद्धामुळे अधिक संवेदनशील पट्ट्या न मिळाल्याने हे काम थांबले. पुढे याच पद्धतीचा विकास केल्याबद्दल आणि तिच्या साहाय्याने मेसॉन या कणांविषयी लावलेल्या शोधांबद्दल ब्रिटिश शास्त्रज्ञ सेसिल पॉवेल यांना 1950 चे नोबेल पारितोषिक मिळाले. बिभा चौधुरी 1949 मध्ये मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रुजू झाल्या.

विज्ञान मंदिराला लागून असलेल्या कलकत्ता विद्यापीठाच्या विज्ञान महाविद्यालयात 1940च्या दशकात नीरजनाथ दासगुप्ता यांनी भारतातील पहिला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक बांधला. प्रकाशाऐवजी इलेक्ट्रॉनांच्या झोताने प्रतिमा टिपणाऱ्या या यंत्राखाली त्यांच्या गटाने काळा आजाराच्या परजीवीची रचना तपासली. त्याच आजारावरील युरिया स्टिबामाइन हे औषध उपेंद्रनाथ ब्रह्मचारी यांनी सुमारे तीन दशकांपूर्वी सियालदहच्या कॅम्पबेल रुग्णालयात, म्हणजे आजच्या नीलरतन सरकार वैद्यकीय महाविद्यालयात, तयार केले होते.

या साऱ्या प्रयत्नांत उपकरणांच्या सामर्थ्यात प्रचंड अंतर आहे. तरीही सर्वांत साध्या उपकरणांचे काम सामान्य वाचकाच्या सर्वांत जवळचे ठरले, कारण गोपालचंद्रांनी आपली निरीक्षणे बंगालीत शेकडो लेखांतून मांडली आणि बंगीय विज्ञान परिषदेचे 'ज्ञान ओ विज्ञान' हे मासिक दीर्घकाळ संपादित केले. पदवी नसलेल्या या संशोधकाकडे अधिकार म्हणून दाखवण्यासारखे होते ते पाहिलेले, टिपलेले आणि कोणालाही पुन्हा पडताळून पाहता येईल असे निरीक्षण. 'बांगलार कीटपतंग' या त्यांच्या ग्रंथाला 1975 मध्ये रवींद्र पुरस्कार मिळाला. कलकत्ता विद्यापीठाने त्यांना सन्माननीय डी.एस्सी. दिली ती 1981 मध्ये, आणि त्याच वर्षी 8 एप्रिलला त्यांचे निधन झाले.