ब्रिटिश रणगाड्यांवरील धूम्रसाधने (प्रतिकृतीसाठी अभ्यास)

शत्रूच्या नजरेआड होण्यासाठी रणगाड्यावरून धुराचा पडदा उभारणारी उपकरणे. प्रमाणबद्ध प्रतिकृतीत ती अगदी लहान दिसतात. तरी रणगाड्याचा मार्क (आवृत्ती) आणि काळ ओळखण्यास त्यांची मोठी मदत होते. म्हणून प्रतिकृतीकाराने आधी एकच विशिष्ट रणगाडा आणि त्याचे वर्ष ठरवावे, मगच उपकरणाचा शोध घ्यावा.

प्रकार : दुसऱ्या महायुद्धातील मटिल्डा रणगाड्याच्या बुरुजाच्या उजव्या बाजूस ४ इंची प्रक्षेपकांची जोडी असे. त्यांची चाप-यंत्रणा ली-एन्फील्ड रायफलीपासून घेतलेली होती आणि आतून तार ओढून ती चालवत. क्रॉमवेल, चर्चिल यांच्या बुरुजाच्या छतात २ इंची बॉम्बफेकी नळी बसवली जाई. ती आतूनच भरली जात असल्याने बाहेर केवळ तिचे तोंड दिसते. युद्धोत्तर सेंच्युरियनच्या बुरुजाच्या दोन्ही बाजूंस सहा-सहा नळ्यांचे, विजेने उडणारे संच आले. चॅलेंजर २ वर प्रत्येक बाजूस ६६ मिमी.च्या पाच नळ्या आहेत. शिवाय इंजिनाच्या निष्कासात डिझेल सोडूनही तो धूर करतो.

पुरावे : तारीख व ठिकाण ज्ञात असलेले मूळ छायाचित्र सर्वांत विश्वसनीय. जोडणी आणि तारांचा मार्ग समजण्यासाठी सैन्याची वापर-पुस्तिका व सुट्या भागांची यादी उपयोगी पडते. इंग्लंडमधील बोव्हिंग्टन येथील टँक म्युझियम किंवा अहिल्यानगरचे (पूर्वीचे अहमदनगर) रणगाडा संग्रहालय येथे प्रत्यक्ष वाहने पाहता येतात. मात्र डागडुजी केलेल्या वाहनावर दुसऱ्या मार्कचे भाग असू शकतात. रिकामे कंस, बुजवलेली भोके आणि वेल्डिंगच्या खुणा बारकाईने पाहाव्यात. बुरुजाच्या दोन्ही बाजू तपासणे अत्यावश्यक आहे, कारण एका बाजूचे चित्र पाहून दुसरीची रचना गृहीत धरता येत नाही.

मापे : नळीचे नाममात्र माप आतील व्यासाचे असते; बाहेरील व्यास त्याहून मोठा. १:३५ प्रमाणात ४ इंची नळीचे भोक सुमारे २.९ मिमी., तर ६६ मिमी.चे सुमारे १.९ मिमी. होते. १:७२ मध्ये हेच आकडे अनुक्रमे १.४ व ०.९ मिमी. येतात. भोकाचे माप बाहेरून लावल्यास नळी किरकोळ दिसते.

भारतीय संदर्भ : भारतीय सेनेने १९६५ आणि १९७१ च्या युद्धांत सेंच्युरियन वापरले. पूना हॉर्स या रणगाडा-रेजिमेंटच्या सेंच्युरियनची प्रतिकृती करताना त्याच रेजिमेंटची, त्याच युद्धातील छायाचित्रे आधाराला घ्यावीत. ब्रिटिश वाहनाचे चित्र त्यांची जागा घेऊ शकत नाही. निवडलेल्या रणगाड्याचा पुरावा मिळत नसेल, तर अंदाजाने भाग चिकटवण्यापेक्षा पुरावा असलेला दुसरा रणगाडा निवडणे अधिक योग्य.