टकळीभोवतीचे पाठ

शाळेत घंटा झाली की गणित मिटते आणि भूगोल उघडतो. हे आपल्या इतके अंगवळणी पडले आहे की, ज्ञान मुळातच असे तासातासांत कापलेले असावे, असे वाटू लागते. या समजुतीला वर्ध्यास एकदा मोठा धक्का बसला. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी गांधीजींच्या अध्यक्षतेखाली तेथे शिक्षणपरिषद भरली. सात वर्षांचे मोफत व सक्तीचे शिक्षण, तेही मातृभाषेतून, आणि त्याच्या केंद्रस्थानी एखादा हस्तव्यवसाय, असा तिचा निर्णय झाला. डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने अभ्यासक्रम आखला आणि १९३८ साली हरिपुरा काँग्रेसने ही योजना स्वीकारली.

समितीच्या वेळापत्रकात शाळेच्या ५ तास ३० मिनिटांपैकी ३ तास २० मिनिटे व्यवसायाला दिलेली होती. मातृभाषेच्या वाट्यास ४० मिनिटे आली. मग मुलांनी शिकावयाचे केव्हा, असे कोणीही विचारील. याचे उत्तर टकळीपाशी होते.

चार फुटांचा एक तार, १६० तारांची एक लटी आणि चार लट्यांची एक गुंडी, हे सूतकताईचे कोष्टक. पहिलीतल्या मुलाने तार मोजावेत, तिसरीतल्याने गुंडीचे फूट काढावेत, आणि वरच्या वर्गाने लांबी व वजन यांच्या प्रमाणावरून सुताचा अंक ठरवावा. सूत तेच, गणित मात्र वयाबरोबर वाढते. कोरड्या हवेत धागा वारंवार का तुटतो, हे विचारले की विज्ञान आले. कापूस वऱ्हाडात पिकतो, मग गिरण्या मुंबईस का उभ्या राहिल्या? तेथे दमट हवा, बंदर आणि आगगाडी, सगळाच भूगोल उलगडतो. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि आपल्याकडे कापसाचे भाव कडाडले. येथे इतिहास शेतकऱ्याच्या अंगणात येतो. दिवसाच्या कामाची नोंद वहीत लिहिली की भाषेचा पाठही झाला.

परंतु आक्षेपही बळकट होते. अर्थशास्त्रज्ञ के. टी. शहा यांनी परिषदेतच विचारले की, शाळा स्वतःच्या मालावर चालू लागल्या, तर बाहेरच्या कारागिराने काय करावे? आर्थिक बाजूच्या भरात शैक्षणिक हेतू बळी पडू नये, असा इशारा खुद्द समितीने दिला होता. तो अनाठायी नव्हता. जेथे शिक्षकाला प्रश्न सुचला, तेथे टकळी सर्व विषयांची गुरुकिल्ली झाली; जेथे न सुचला, तेथे मूल नुसते कातत बसले. एवढ्या विषयांचा मेळ घालणारा शिक्षक तयार करणे हे खरे अवघड काम होते, आणि त्याला लागणारा वेळ व पैसा आपण पुरेसा दिला नाही. पुढे १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने ‘कार्यानुभव’ सुचविला. बहुतेक शाळांत तो आठवड्यातला आणखी एक तास होऊन बसला. म्हणजे घंटा पुन्हा जिंकली!

टकळी परत आणावी, असे आमचे म्हणणे नाही. तिच्या जागी आज परसबाग चालेल, गावची विहीर चालेल, बाजारातला तराजूही चालेल. पण मुलाच्या हातात काम देताना त्याबरोबर कोणता प्रश्न द्यावयाचा, हे आधी ठरले पाहिजे. ते शिक्षकाला ठरविता यावे, एवढी उसंत त्याला देणे हे मात्र आपणा नागरिकांचे काम आहे.