गाढवाचं पुढे काय झालं?

एकनाथांनी रामेश्वराला न्यायची गंगेची कावड तहानेनं तडफडणाऱ्या गाढवाच्या तोंडी रिकामी केली, ही गोष्ट मराठी घरातलं प्रत्येक पोर ऐकतं. त्या गाढवाचं पुढे काय झालं, हे मात्र कुणी सांगत नाही. ते उठून कुठे गेलं? पुन्हा कुणाचं ओझं वाहायला लागलं का? मी परळला, बैलघोडा हॉस्पिटलपासून हाकेच्या अंतरावर वाढलो, म्हणून मला असले प्रश्न पडत असावेत. आमच्या चाळीत जखमी जनावर दिसलं की हळहळ नंतर; आधी प्रश्न, न्यायचं कुठं?

मुंबईला या प्रश्नाचं पहिलं ठाम उत्तर मिळालं ते दंगलीनंतर. भटकी कुत्री मारायचा कंपनी सरकारचा हुकूम तसा जुनाच होता. 1832 च्या उन्हाळ्यात तो जोरात राबवला गेला. कुत्र्यामागे आठ आणे मिळत, त्यामुळे शिपायांचा उत्साह दांडगा. पारशांत मृतदेहाला कुत्र्याची नजर दाखवण्याचा सगदीद हा विधी आहे. कुत्रा त्यांच्या धर्माचाच भाग. त्यात कुत्रेमारी त्यांच्या पवित्र दिवशी झाली. 6 जूनला कोटातल्या पारशांनी शिपायांना चोपलं. दुसऱ्या दिवशी दुकानं बंद. इतर व्यापारीही सामील झाले आणि छावणीतल्या गोऱ्यांचे खाण्यापिण्याचे वांधे झाले. मग लष्कर आलं, धरपकड झाली. मुंबईच्या पहिल्या मोठ्या दंगलींपैकी ही एक, आणि ती झाली कुत्र्यांवरून! आजच्या सोसायट्यांच्या बैठका पाहिल्या की मला तिचं मुळीच आश्चर्य वाटत नाही.

दोन वर्षांनी, 1834 मध्ये, जमशेटजी जीजीभाई आणि अमीचंद शहा यांनी भुलेश्वरात पांजरापोळ उभी केली. एक पारशी, एक जैन. कल्पना गुजरातेतली, जुनी. पैसा उभा करायची पद्धतही तिकडचीच: व्यापाऱ्यांनी आपल्या मालावर लागा, म्हणजे ठरावीक वर्गणी, बसवायचा. कापसाच्या बाजारातला पैसा लंगड्या बैलाच्या वैरणीला जायचा. मारायची ती कुत्री इथे ठेवता येऊ लागली, म्हातारी गुरंही आली. पांजरापोळ आजही तिथेच आहे. सकाळी गाईंना चारा घालायला माणसं येतात.

पण पांजरापोळ म्हणजे दवाखाना नव्हे. तिथे जनावर मरेपर्यंत सांभाळायचं. बरं झालं तर ठीक, नाही तर नशीब. त्याला मारायचं मात्र नाही. इंग्रज पाहुण्यांना हे क्रौर्य वाटे: सडलेल्या जखमेसह जगवण्यापेक्षा सोडवा की त्याला. जैनांना उलट सोडवणाराच खुनी वाटे. हा वाद अजून मिटलेला नाही. मला विचाराल तर दोन्ही बाजूंना जनावरापेक्षा आपल्या मनाची शांती जास्त प्यारी होती.

1874 मध्ये प्राण्यांवरील क्रूरता रोखणारी संस्था मुंबईत स्थापन झाली. त्याच वर्षी कुलाब्याहून पायधुणीला घोड्यांची ट्राम धावू लागली. शहराचा सगळा गाडा तेव्हा खुरांवर चाले: ट्राम, व्हिक्टोरिया, गोदीतून गिरण्यांकडे जाणाऱ्या कापसाच्या गाड्या. पुढच्या दशकात शेठ दिनशा माणेकजी पेटिट यांच्या देणगीतून, त्यांच्या पत्नी सकरबाई यांच्या नावाने परळला जनावरांचं हॉस्पिटल झालं. तेच आमचं बैलघोडा हॉस्पिटल. त्याच आवारात 1886 मध्ये पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं आणि जखमी जनावराला सांभाळण्याबरोबर बरं करण्याचं शिक्षणही मिळू लागलं.

माझे आजोबा साताऱ्याकडचे, मुंबईत बैलगाडी हाकायचे. दर बेंदराच्या, म्हणजे बैलांच्या सणाच्या, आदल्या संध्याकाळी बैलाची खांदेमळणी करणारा माणूस. एकदा जुवाखाली खांदा सोललेला बैल जुंपला म्हणून त्यांना पकडलं. प्राण्यांवरील क्रूरतेविरुद्धच्या 1890 च्या कायद्याप्रमाणे दंड तर होताच, शिवाय बैल दवाखान्यात अडकवून त्याचा खर्चही मालकाकडून घेता येई. बैल ठणठणीत होऊन आला. तोवर घरात उधारीची ज्वारी होती. जास्त गाठी भरायला लावणारा व्यापारी कुठल्याच कागदावर नव्हता. रस्त्यावर सापडतो तो गाडीवान! आजोबा तरी म्हणायचे, "बैलाचं बरं झालं, ते बरोबरच झालं."

त्या कायद्याच्या जागी 1960 चा कायदा रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत धरलेल्या चिकाटीमुळे आला. त्यात क्रूरतेच्या पहिल्या गुन्ह्याला दंड 10 ते 50 रुपये ठेवला गेला. एवढ्यात आज वडापावसुद्धा जेमतेम दोन येतील.

हॉस्पिटलातले एक ड्रेसर आमच्या चाळीत राहत. त्यांची शिकवण आम्हा पोरांना पाठ होती. बेशुद्ध जनावराच्या तोंडात पाणी ओतायचं नाही, ते फुफ्फुसात जातं. एकनाथांचं गाढव तहानलेलं होतं, पण शुद्धीवर होतं, म्हणून चाललं! मांज्यात अडकलेल्या पक्ष्याचा दोरा ओढायचा नाही, कापायचा. मग भोकं पाडलेल्या खोक्यात, अंधारात ठेवायचं. जखमी कुत्रं घाबरून चावतं, म्हणून आधी अंगावर जाड कापड. त्यात मी गावाकडचं एक घालतो: उसात बिबट्याचं पिल्लू सापडलं तर उचलून घरी आणू नका, वनखात्याला कळवा, आई बहुधा रात्री त्याला न्यायला येते. गुराढोरांच्या फिरत्या दवाखान्यासाठी 1962 आणि वन्यप्राण्यांसाठी वनखात्याचा 1926, हे दोन नंबर आजच फोनमध्ये घालून ठेवा.